प्रकाशाचे स्वरूप व घरगोठ्यातील प्रकाशयोजना

दिवा मोठा असला म्हणजे उजेड पुष्कळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीमुळे विजेचा खर्च होऊनही मुलांच्या पुस्तकावर पुरेसा उजेड पडत नाही. गोठ्यात दिवा असूनही धार स्वतःच्या सावलीत काढावी लागते. आणि विहिरीवरच्या दिव्याने पायवाट दिसण्याऐवजी डोळे मात्र दिपतात. वस्तुतः दिव्यातून किती प्रकाश निघतो यापेक्षा कामाच्या जागी किती प्रकाश पोचतो, याला महत्त्व आहे. प्रकाशाचे नियम थोडे व साधे आहेत. ते ध्यानी घेतल्यास आहे त्याच दिव्यापासून कितीतरी अधिक उपयोग करून घेता येतो.

प्रकाश म्हणजे काय?

प्रकाश हे ऊर्जेचे एक रूप होय. तो सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातो. तरीही सूर्यापासून पृथ्वीपर्यंत येण्यास त्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. प्रकाश सूक्ष्म कणांचा बनलेला आहे असे न्यूटन यांचे मत होते. हायगेन्स यांनी १६९० साली तो तरंगरूप असल्याचे प्रतिपादन केले. पुढे मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचा सिद्धान्त मांडला, तर आइनस्टाइन यांनी १९०५ साली प्रकाशाची ऊर्जा लहान लहान पुंजांच्या रूपाने असते, असे दाखविले. प्रकाशास ही दोन्ही अंगे आहेत, असे आज मानले जाते.

सर्वच तरंग डोळ्यास दिसत नाहीत. मिलिमीटरचा दहालाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारे ३८० ते ७८० नॅनोमीटर लांबीचे तरंगच आपणास प्रकाश म्हणून जाणवतात. त्यांत जांभळ्या रंगाचे तरंग आखूड व तांबड्याचे लांब असतात. दिवसाच्या उजेडात पिवळसर हिरवा रंग डोळ्यास सर्वांत सहज जाणवतो. तांबड्याच्या पलीकडचे तरंग उष्णतेच्या रूपाने अंगास जाणवतात, परंतु दिसत नाहीत. तारेच्या जुन्या बल्बमध्ये विजेचा फार मोठा भाग या न दिसणाऱ्या उष्णतेत खर्ची पडतो. म्हणूनच ६० वॅटचा असा बल्ब जेवढा प्रकाश देतो, तेवढा प्रकाश सुमारे ९ वॅटच्या एलईडी दिव्यापासून मिळतो. रोज ५ तास याप्रमाणे ३० दिवसांत पहिल्यास ९ युनिट वीज लागते, दुसऱ्यास दीड युनिटही लागत नाही.

प्रकाशाचे मोजमाप

वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘लुमेन’ या मापाने मोजतात; हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश सारखा पडला, तर त्या जागेचे प्रदीपन एक ‘लक्स’ झाले असे म्हणतात. पाटातले पाणी आणि वाफ्यात प्रत्यक्ष भिजलेली जमीन यांत जो भेद, तोच लुमेन व लक्स यांत आहे.

भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात अर्धा लक्सही नसतो. डोळा या दोहोंशी जुळवून घेतो. हा त्याचा गुण खरा; पण त्यामुळेच उजेड कमी असल्याचे माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. मंद उजेडात वाचणारे मूल तक्रार करीत नाही. ते पुस्तक डोळ्यांजवळ नेते व लवकर थकते. वर्गात व वाचनासाठी पुस्तकावर सुमारे ३०० लक्स प्रकाश असावा, असे मानले जाते.

अंतर, कल आणि भिंती

पहिला नियम अंतराचा. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, तर प्रकाश निम्मा न होता चौथाई होतो. तिप्पट झाले, तर नववा हिस्सा उरतो. समजा, ८०० लुमेनचा दिवा सर्व दिशांस सारखा प्रकाश देत आहे. त्याच्या बरोबर खाली २ मीटरवर दिव्यापासून थेट सुमारे १६ लक्स प्रकाश पोचेल. १ मीटरवर तो ६४ लक्स होईल, आणि दिवा पुस्तकापासून अर्ध्या मीटरवर आणल्यास २५६ लक्स होईल. दिवा तोच, वीज तीच, पण प्रकाश सोळापट! त्यावर आतून पांढरी असलेली शेड बसविली, तर वर जाणारा प्रकाशही खाली वळतो व वाचनास हवा तेवढा उजेड मिळू शकतो. आढ्याला टांगलेल्या मोठ्या दिव्यापेक्षा मुलाच्या डाव्या बाजूस, थोडा उंच व शेडने झाकलेला लहान दिवा अभ्यासास अधिक उपयोगी पडतो, तो यामुळेच. मूल डावखुरे असेल तर दिवा उजवीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

दुसरा नियम कलाचा. लॅम्बर्ट यांनी तो १७६० साली प्रकाशमापनावरील आपल्या ग्रंथात मांडला. किरण सरळ पडले तर प्रकाश पूर्ण मिळतो. तिरपे पडले तर तोच प्रकाश अधिक जागेवर पसरून पातळ होतो. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेल्या किरणांनी पृष्ठभागास निम्माच प्रकाश मिळतो. सकाळच्या व दुपारच्या उन्हातील फरकामागे हेही एक कारण आहे.

तिसरी गोष्ट भिंतींची. वस्तू दिसते ती तिच्यावरून परतलेल्या प्रकाशाने. नव्या चुन्याची पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत फेकते; धुराने काळवंडलेली भिंत तो गिळून टाकते. चुलीजवळची भिंत वर्षातून एकदा पांढरी केल्यास स्वयंपाकघर उजळते. त्यासाठी विजेचा खर्च वाढवावा लागत नाही.

गोठा व कोंबड्यांचे घर

गोठ्यात दिवा बहुधा गव्हाणीच्या बाजूस लावलेला आढळतो. त्यामुळे जनावराच्या अंगाची सावली नेमकी कासेवर पडते. सडास जखम आहे काय, दुधात गाठी अथवा रक्त आहे काय, हे अशा वेळी दिसत नाही, आणि कासदाहासारखा रोग उशिरा ध्यानात येतो. दिवा जनावरांच्या मागील बाजूस, जाण्यायेण्याच्या वाटेवर टांगावा. तो ओल व धूळ न शिरणाऱ्या आवरणात आणि जनावराचे शिंग पोचणार नाही एवढ्या उंचीवर असावा. वायर अखंड असावी; जोड दिलेली वायर गोठ्यात मुळीच वापरू नये. दिव्याची जागा बदलण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा व काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.

अंड्यावरील कोंबड्यांना दिवसाचा व दिव्याचा मिळून साधारणतः १६ तास प्रकाश देतात. महाराष्ट्रात हिवाळ्यात दिवस सुमारे ११ तासांचा असल्याने उरलेले तास दिव्याने भरून काढावे लागतात. त्यासाठी प्रखर उजेडाची गरज नाही. कोंबडीच्या उंचीवर १० ते २० लक्स पुरतात. मात्र दिवे लावण्याची व मालवण्याची वेळ रोज तीच असावी. अंडी देत असताना प्रकाशाचे तास कमी होऊ देऊ नयेत. आणि वाढत्या तलंगांना ते वाढवीत नेऊ नयेत, नाहीतर त्या अकाली अंड्यावर येतात.

रात्रीचे पाणी

अनेक ठिकाणी कृषिपंपास रात्रीच्या पाळीने वीज मिळते आणि शेतकऱ्यास अंधारात पाणी द्यावे लागते. तेथे प्रकाशयोजनेचा प्रश्न जिवाशी निगडित होतो. विहिरीवर डोळ्यांच्या उंचीला उघडा दिवा असल्यास डोळे दिपतात व त्यापलीकडचा अंधार अधिकच गडद वाटतो. दिवा उंचावर, शेड घालून, खाली तोंड करून लावावा. स्टार्टरसमोर उभे राहिल्यावर स्वतःची सावली बटणावर पडणार नाही, अशी त्याची जागा निवडावी.

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यास पूर्ण सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून पंपघरातून बाहेर पडताच बॅटरी लावल्याशिवाय पाऊल टाकू नये. बॅटरी खांद्याजवळून न धरता कमरेखाली, पुढच्या जमिनीवर तिरपी धरावी. वरून पडलेल्या उजेडात मातीच्या रंगाचे फुरसे मातीत मिसळून जाते. बाजूने येणाऱ्या किरणांत लहान उंचवट्याचीही लांब सावली पडते व वस्तू उठून दिसते. अर्थात पायांत उंच बूट व हातात काठी असावीच. उजेड सावध करतो, तो दंश अडवीत नाही. दंश झालाच तर वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात न्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

एकदा केलेली योजना कायम टिकत नाही. दिव्यावर धूळ, धूर व किड्यांची घाण बसून प्रकाश बराच घटतो. यास्तव वीज बंद करून, दिवा निवाल्यावर तो कोरड्या फडक्याने दर पंधरवड्यास पुसावा. मोबाइल फोनवरील लक्समापनाच्या सोयीने दोन जागांच्या उजेडाची स्थूल तुलना करता येते. तेही साधन नसल्यास एक सोपी कसोटी आहे: कामाच्या जागी पांढरा कागद ठेवावा, त्यावर हात धरावा, आणि सावली कोठे पडते व बारीक अक्षर विनासायास वाचता येते की नाही ते पाहावे.

गावात नवा दिवा मागितला गेला म्हणजे कार्यकर्त्याने प्रथम जुना दिवा कोठे आहे ते पाहावे. पुष्कळदा त्याची जागा बदलणे, त्यावर शेड घालणे, तो पुसणे आणि भिंतीस चुना देणे एवढ्यानेच गरज भागते. त्यानंतरही उजेड अपुरा राहिला, तरच नव्या दिव्याचा खर्च करणे हितावह ठरेल.