जॅगी शिवदासानी

जॅगी शिवदासानी (जन्म: १९५८) हे मुंबईचे ब्रिजपटू आहेत. काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व करणाऱ्या मोजक्या खेळाडूंत त्यांची गणना होते. १९८८ साली व्हेनिस येथे झालेल्या जागतिक सांघिक ऑलिंपियाडमध्ये उपांत्य फेरी गाठणाऱ्या भारतीय संघात ते होते. जकार्ता येथील २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक आणि हांगचौ येथील पुढील स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय पुरुष संघांतही त्यांचा समावेश होता. उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय ब्रिज स्पर्धांपैकी एखादी जिंकणारे ते पहिले भारतीय मानले जातात.

व्हेनिस आणि हांगचौ यांच्यामध्ये पस्तीस वर्षांचे अंतर आहे. बहुतेक मैदानी खेळांत एवढ्या काळात खेळाडूंच्या दोन पिढ्या निवृत्त होतात. शिवदासानी यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर हा खेळ नेमका कशाची परीक्षा घेतो हे आधी पाहावे लागते.

== खेळाचे स्वरूप ==

मेंढीकोट किंवा लाडीस खेळलेल्या वाचकाला ब्रिज निम्मा ठाऊक असतो. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकी तेरा पाने, उतारीच्या रंगाचे पान असेपर्यंत तेच टाकण्याचे बंधन, आणि रंग संपल्यावर हुकमाने कापण्याची मुभा, एवढे सर्व तेथेही आहे. वेगळेपण आहे ते बोलीत. पाने वाटून झाल्यावर, पहिली उतारी होण्यापूर्वी, आपली जोडी किती हात करील आणि हुकूम कोणता असेल याची बोली चालते. सर्वांत वरची बोली हा त्या जोडीचा करार होय. करार पुरा झाला तर गुण मिळतात. एक हात जरी कमी पडला तरी ते प्रतिपक्षाच्या पदरात जातात. करार करणाऱ्याचा भिडू पहिल्या उतारीनंतर आपली पाने टेबलावर उघडी मांडतो. त्याला डमी म्हणतात.

बोलीसाठी खेळाडूला एकूण अडतीस संकेत उपलब्ध असतात: पस्तीस बोली, पास, डबल आणि रिडबल. याखेरीज भिडूला काही सांगता येत नाही. डोळ्यांनी, आवाजाने किंवा बोलण्यातील विलंबानेही नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १९७५च्या बर्म्युडा बाउलपासून टेबलावर तिरका पडदा लावण्यात येऊ लागला. त्यामुळे भिडूला भिडूचा चेहरादेखील दिसत नाही, आणि बोली तोंडाने न सांगता छापील पत्रे मांडून दाखवतात. तेरा पानांचे ६,३५,०१,३५,५९,६०० वेगवेगळे हात संभवतात. एवढ्या मोठ्या शक्यतांचे वर्णन अडतीस शब्दांच्या भाषेत करायचे, म्हणून कोणत्या बोलीचा अर्थ काय, हे प्रत्येक जोडी आधी ठरवते आणि प्रतिपक्षाने विचारल्यास उघड करते. चोरटी खूण चालत नाही. गणपतीच्या जागरणाला भिडूला डोळा मारून खेळलेला लाडीस येथे बाद ठरेल.

आज खेळला जाणारा काँट्रॅक्ट ब्रिज हा अमेरिकन धनिक हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका जहाजावरील प्रवासात सिद्ध केलेल्या गुणपद्धतीवर आधारलेला आहे. जागतिक ब्रिज महासंघाची स्थापना १९५८ची, म्हणजे शिवदासानी यांच्या जन्मवर्षातलीच.

== नशीब आणि कौशल्य ==

मराठीत 'पत्ते कुटणे' हा वाक्प्रचार रिकामटेकडेपणासाठी वापरतात, आणि पत्ते म्हणजे जुगार हा समजही जुना आहे. पाने चांगली आली की जिंकलो, हा त्यावरचा नेहमीचा युक्तिवाद. स्पर्धात्मक ब्रिजने त्याचे उत्तर खेळाच्या रचनेतच दिले आहे.

सांघिक सामन्यात एकच वाटप दोन टेबलांवर खेळले जाते. खेळलेली पाने एकत्र न मिसळता प्रत्येकाने आपापली पुढ्यात ठेवायची आणि डाव संपल्यावर चार कप्प्यांच्या पाटीत परत घालायची; पाटी दुसऱ्या टेबलावर जाते. एका टेबलावर आपली जोडी उत्तर-दक्षिण बसते, तर दुसऱ्या टेबलावर त्याच संघाची दुसरी जोडी पूर्व-पश्चिम. समजा, उत्तर-दक्षिणेची पाने उत्तम आहेत. पहिल्या टेबलावर आपल्या जोडीने इस्पिकच्या चौथ्या पातळीपर्यंत, म्हणजे दहा हातांपर्यंत, बोली नेऊन करार पुरा केला व ४२० गुण मिळवले. दुसऱ्या टेबलावर प्रतिपक्षाने त्याच पानांवर तिसऱ्या पातळीवर थांबून हात मात्र दहाच केले; त्यांना १७० मिळाले. फरक २५० गुणांचा. ठरलेल्या कोष्टकानुसार त्याचे सहा सामनागुण आपल्या संघाला मिळतात. चांगली पाने दोघांनाही आलीच होती. ती ओळखण्याचे धैर्य एकाच जोडीने दाखवले. अशी कित्येक वाटपे खेळली गेली की नशिबाचा वाटा फारच थोडा उरतो.

सर्वोच्च न्यायालयानेही १९६०च्या दशकात, आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या रमीविषयीच्या खटल्यात, पाने पिसून वाटण्यातील योगायोग ब्रिजमध्येही असतो हे नमूद करून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. तरीही समाजमनातील संशय निकालपत्राने जात नाही. ब्रिजपटूंच्या वाट्याला क्रिकेटपटूंसारखी प्रसिद्धी कधी आली नाही.

== कारकीर्द ==

१९८०च्या दशकात उपखंडातील ब्रिजकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते प्रथम पाकिस्तानमुळे. झिया महमूद यांचा समावेश असलेला पाकिस्तानी संघ १९८१च्या बर्म्युडा बाउलमध्ये अंतिम फेरीत पोहोचला होता. भारतीय संघाने १९८८मध्ये व्हेनिसला उपांत्य फेरी गाठली तेव्हा शिवदासानी तिशीत होते. हे ऑलिंपियाड म्हणजे ऑलिंपिक खेळ नव्हेत. जागतिक महासंघ १९६०पासून दर चार वर्षांनी भरवीत असलेली ती स्वतंत्र स्पर्धा होती. अमेरिकेतील स्पर्धांतही ते खेळले. तेथील व्यावसायिक खेळाडूंसमोर एका भारतीयाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, मायदेशी तिची दखल फारशी घेतली गेली नाही तरी.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ साली जागतिक ब्रिज महासंघाला मान्यता दिली. आशियाई क्रीडास्पर्धेत मात्र या खेळाला २०१८पर्यंत प्रवेश नव्हता. म्हणजे शिवदासानी यांच्या ऐन उमेदीच्या काळात, राष्ट्रध्वज उंचावणारी पदके जेथे मिळतात असे व्यासपीठच त्यांच्या खेळाला उपलब्ध नव्हते.

== आशियाई क्रीडास्पर्धा ==

जकार्ता येथे ब्रिजचे सहा प्रकार होते. पुरुषांच्या सांघिक प्रकारात शिवदासानी यांच्यासह राजेश्वर तिवारी, अजय खरे, राजू तोलानी, देबब्रत मजुमदार आणि सुमित मुखर्जी यांचा संघ उपांत्य फेरीत पराभूत झाला आणि कांस्यपदकाचा मानकरी ठरला. मुंबईच्या हेमा देवरा व दिल्लीच्या किरण नाडर यांचा समावेश असलेल्या मिश्र संघालाही कांस्य मिळाले. सर्वाधिक गाजले ते पुरुष दुहेरीतील सुवर्ण: १ सप्टेंबर २०१८ रोजी प्रणब बर्धन (वय ६०) आणि शिबनाथ सरकार (वय ५६) या बंगाली जोडीने ते जिंकले. या वयात सुवर्णपदक कसे, असा प्रश्न वृत्तपत्रांना पडला. ब्रिजच्या वर्तुळात तो कोणाला पडला नसावा. टेबलावर टाकलेल्या प्रत्येक पानाची स्मृती, न दिसलेल्या पानांचे अनुमान आणि भिडूची दीर्घ ओळख यांवर हा खेळ चालतो, आणि यांतली शेवटची गोष्ट तर वयानेच येते.

करोनामुळे वर्षभर लांबलेली हांगचौची स्पर्धा २०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाली. तेथे ब्रिजचे तीनच सांघिक प्रकार ठेवण्यात आले. शिवदासानी, संदीप ठकराल, तोलानी, खरे, तिवारी आणि मुखर्जी यांच्या संघाने उपांत्य फेरीत यजमान चीनला हरवले. अंतिम सामना हाँगकाँगने जिंकला. भारताला त्या स्पर्धेत मिळालेल्या १०७ पदकांत ३८ रौप्यपदके होती; त्यांतले एक या संघाचे. पदक स्वीकारताना शिवदासानी पासष्ट वर्षांचे होते.