सवलतीच्या घोषणेला कायद्याचे बळ कितपत?

नवा उद्योग उभारा, इतकी वर्षे कर माफ, अशी घोषणा सरकार करते. उद्योजक तिच्यावर विसंबून जमीन घेतो, कर्ज काढतो, बांधकाम करतो आणि मग सरकारचा विचार बदलतो. अशा वेळी दिलेला शब्द पाळण्यास सरकारला न्यायालय भाग पाडू शकते काय?

या प्रश्नाचा पाया घातला तो कानपूरच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याने. १९६८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने नव्या कारखान्यांना तीन वर्षे विक्रीकर माफी जाहीर केली. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सने सरकारकडून लेखी खात्री करून घेतली, मगच कारखाना उभारला. १९७० मध्ये उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी माफी मागे घेण्यात आली. डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला शब्दाशी बांधले. हाच वचनविबंधाचा, म्हणजे ‘प्रॉमिसरी इस्टॉपेल’चा सिद्धान्त. शब्दावर विसंबून कृती केली एवढे पुरेसे असून नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्या. पी. एन. भगवती यांनी म्हटले. जनहिताचे कारण सरकारला पुढे करता येते. मात्र ते न्यायालयाला पटवून द्यावे लागते, नुसते सांगून भागत नाही.

पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याला केरळचे प्रकरण अधिक जवळचे वाटावे. १९८६ मध्ये केरळ सरकारने पर्यटनाला उद्योगाचा दर्जा देऊन इमारत करात सूट देण्याचे आदेशाद्वारे जाहीर केले. तशी सूट देण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम मात्र कायद्यात १९९० मध्ये आले आणि १९९३ मध्ये वगळले गेले. त्या आधारावर हॉटेल बांधणाऱ्या मॅन्युएलसन्स कंपनीला सूट नाकारण्यात आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कलम अस्तित्वात होते तेवढ्या काळापुरती सूट मान्य केली. अधिकार हाती असून तो न वापरणे ही मनमानी ठरली. पण कलमच उरले नाही, तेथे आश्वासनही लागू करता आले नाही. म्हणूनच धोरणपत्रिकेतील आकर्षक टक्केवारीपेक्षा अधिसूचना निघाली आहे काय आणि ती कोणत्या कलमाखाली, हे आधी पाहावे लागते. दुर्दैवाने, बहुतेक अर्जदार ते शेवटी पाहतात.

कायदा बदलला की काय होते, ते हरिद्वारच्या प्रकरणात दिसले. २००३ च्या केंद्रीय धोरणानुसार उत्तराखंडातील नव्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्कातून पूर्ण सूट होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, सूट संपली आणि तिच्या जागी केंद्रीय जीएसटीच्या ५८ टक्के इतका परतावा देण्याची योजना आली. उर्वरित रकमेसाठी हिरो मोटोकॉर्प न्यायालयात गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागणी फेटाळली. विधिमंडळाने केलेल्या कायद्याविरुद्ध वचनविबंध चालत नाही, हे त्यामागचे तत्त्व. राज्य सरकारे आणि जीएसटी परिषदेकडे निवेदन करण्याची मुभा तेवढी कंपनीला देण्यात आली.