मुलांना वाचनाची गोडी लागते कशी? नागपूरकर पालकांच्या हाती काय काय आहे?

विदर्भातील मुलांची उन्हाळी सुटी उर्वरित महाराष्ट्रातील मुलांपेक्षा लांब असते. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र १६ जूनला शाळा सुरू झाल्या, विदर्भात २३ जूनला. नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की भर दुपारी मुलांना बाहेर सोडण्याची सोय नसते. खिडकीत कूलर, हातात मोबाइल आणि स्वयंपाकघरातून अधूनमधून येणारा आवाज, ‘अरे, काही तरी वाच ना!’ मात्र ‘वाच’ म्हटल्याने मूल वाचत नाही. मग कशाने वाचते?

अडचण आवडीची की क्षमतेची?

बहुतेक वेळा दोन्हींची, कारण एकीतून दुसरी निर्माण होते. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर २०२४’ अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. २०२२ च्या तुलनेत दोन्ही आकडे सुधारले, तरी पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. पाहणी ग्रामीण भागापुरती आहे. पण शहरी पालकांनी निश्चिंत व्हावे असे त्यात काही नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाची सगळी ताकद काना-मात्रा जुळवण्यात खर्च होते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. गोष्टीची मजा येत नाही, म्हणून ते पुस्तक बाजूला ठेवते, आणि सराव नाही म्हणून वाचन संथच राहते. हे चक्र मुलाला एकट्याने तोडता येत नाही. वाचण्याचे कष्ट मोठ्या माणसाने घ्यायचे आणि गोष्टीची मजा मुलाने, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. म्हणजेच मोठ्याने वाचून दाखवणे.

सुरुवात कोणत्या वयात करावी?

अक्षरओळखीची वाट पाहण्याची गरज नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये अगदी तान्हेपणापासून वाचून दाखवण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ती दिवसाला एका तासाहून अधिक नको. मूल एका जागी बसलेले असेल, तेव्हा त्याच्यासोबत पुस्तक वाचावे, गोष्ट सांगावी, असेही त्यात म्हटले आहे. तान्ह्याला गोष्ट कळत नाही, हे खरे. त्याला मांडी, आवाज आणि उलटणारे पान कळते.

नुसते वाचून दाखवले की झाले?

नाही, आणि इथेच बहुतेक घरांत घाई होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी काहींना गोष्ट वाचताना थांबायला, मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचे उत्तर पुढे वाढवायला शिकवले. इतर पालक नेहमीसारखेच वाचत राहिले. महिनाभरानंतर पहिल्या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांत पुढे होती. ‘हा कोणता प्राणी?’ हा परीक्षेचा प्रश्न झाला. ‘आता हा काय करेल?’ हा गप्पांचा प्रश्न.

याचे उत्तम उदाहरण शोधायला अमेरिकेत जावे लागत नाही. दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारी कुटुंबे इथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशव्या भरून पुस्तके घरी नेतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. खुद्द बाबासाहेबांचे वाचन घडले ते वडील रामजी सकपाळ यांच्या घरात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी त्याविषयी सांगितले आहे. वडील त्यांना महाभारत-रामायणातील भाग रोज बहिणींना आणि कथा ऐकायला येणाऱ्या मंडळींना वाचून दाखवायला लावत. ही सक्तीच होती. पण त्या घरात प्रश्न विचारायला बंदी नव्हती. शूद्रांना कमी लेखणारे हे ग्रंथ आपण का वाचायचे, असे मुलाने थेट विचारले. वडिलांनी त्याला गप्प केले नाही. कर्णाचे, द्रोणाचे उदाहरण देऊन न्यूनगंड जावा म्हणून, असे उत्तर दिले. मुलाला ते पटले नाही, आणि तसे त्याने सांगितलेही. पुढे एका परीक्षेतील यशाबद्दल सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

मुलाच्या पुस्तकांसाठी रामजींनी विवाहित मुलींकडे पैसे मागितल्याचेही चरित्रकार नोंदवतात. हल्ली खेळण्याला हजार रुपये सहज निघतात आणि चित्रांच्या पुस्तकाची किंमत मात्र उलटून पाहिली जाते.

मराठी, हिंदी की इंग्रजी?

नागपुरी मुलाची गंमत म्हणजे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी. अनेक पालक ‘शाळा इंग्रजी आहे, तर पुस्तकेही इंग्रजीच’ असे ठरवून टाकतात. लहान वयात हे उलटे पडण्याची शक्यता अधिक. मुलाला ज्या भाषेत हसू येते, राग येतो, त्या भाषेत गोष्ट आधी पोहोचते. पुस्तक प्रमाण मराठीत असले तरी गप्पा घरच्या बोलीत व्हाव्यात. ‘काऊन रडते बापा तो?’ हाही मोकळाच प्रश्न आहे.

शिवाय मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने एका अक्षरओळखीत पुस्तकांची दोन कपाटे उघडतात. दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या की मुले स्वतःच शोध लावतात. हिंदीतली ‘शिक्षा’ मिळवायची असते, मराठीतली टाळायची. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ लिहायला एक, बोलायला वेगळा. असा शोध लागलेले मूल दिवसभर शब्दांच्या मागे लागते.

बक्षीस लावावे का?

‘पुस्तक संपव, मग मोबाइल देतो’ हा सौदा महागात पडू शकतो. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ मधील प्रयोगात, मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील काही मुलांना प्रशस्तिपत्र कबूल करून रंगवायला बसवले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुले इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ रंगवत होती. प्रयोग चित्रकलेचा होता, पण वाचनालाही तो सावधगिरी शिकवतो. या सौद्यात मोबाइल बक्षीस ठरतो आणि पुस्तक त्याची किंमत.

तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तर वाचावे. कंटाळा पालकाला येतो, मुलाला पुढचे वाक्य आधीच माहीत असल्याचा आनंद असतो. अर्ध्यात सोडलेले पुस्तक सोडू द्यावे. वाचताना प्रत्येक चूक दुरुस्त करू नये. आणि मूल स्वतः वाचू लागले म्हणून वाचून दाखवणे बंद करू नये. दुसरी-तिसरीत त्याला जे समजते, ते त्याला वाचता येते त्याच्या बरेच पुढे असते.

पुस्तके कुठून आणायची?

वस्तीतील सार्वजनिक वाचनालयात बालविभाग आहे का, हे आधी विचारावे. नसेल, तर चार पालकांनी मिळून मागणी करावी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत, तसेच ज्योत्स्ना प्रकाशनाकडे मराठी चित्रपुस्तके मिळतात. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांपासून सुरुवात केल्यास पालकही रमतील. ज्या घरात मोठ्यांनाच वाचन जमत नाही, तिथे शब्द नसलेली चित्रपुस्तके चालतात. चित्र पाहून आजीने रचलेली गोष्टही वाचनाचीच तयारी असते.

हातातला मोबाइलही कामाला येतो. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी आणि हिंदी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्याही मोफत. फक्त फोन मोठ्यांच्या हातात हवा आणि गोष्ट संपेपर्यंत इंटरनेट बंद. गोष्ट आधी डाऊनलोड करून ठेवली की तेही जमते.