गव्हाणीचा वेग कोण ठरवतो?



गळीत हंगामात शेतकी खात्याकडे एक तक्रार हमखास येते. "बाहेर गाड्यांची रांग लागलीय आणि गव्हाण मुंगीच्या चालीनं चाललीय. पळवायला काय होतं?" प्रश्न रास्त आहे. तोडलेला ऊस जितका ताटकळेल तितके त्याचे वजन घटते, साखरही घटते. म्हणून हा वेग कसा ठरतो ते आज पाहू. आम्ही शेतकी खात्याची माणसं, इंजिनिअर नव्हे. पण विचारून-पाहून जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

गव्हाणीतला ऊस लेव्हलरच्या कोयत्यांखालून फायब्रायझरमध्ये जातो. तिथे तो पिंजला जातो आणि रेक कॅरियरने एका उंच, उभ्या पेटीत पडतो. हिला च्यूट म्हणतात. च्यूट बेताची भरलेली असली की पहिल्या मिलला सारखा घास मिळतो. ती रिकामी पडली तर मिल नुसतीच फिरते आणि रस नीट पिळला जात नाही. तुंबली तर सगळे गाळपच थांबते. म्हणजे सांभाळायची आहे ती च्यूटची पातळी. वेग हे त्याचे साधन.

आता मोटार. आपली नेहमीची चार पोलची मोटार ५० सायकलवर मिनिटाला १५०० च्या थोडे खाली फेरे घेते. 'ड्राइव्ह' नावाची पेटी हे सायकल बदलते. २५ सायकल दिले की फेरे निम्म्यावर येतात. पण नुसता वेग बांधून दिला की काम भागत नाही. एक गाडी आडसालीच्या जाड उसाची, दुसरी खोडव्याची, तिसरीत पाचट जास्त. वेग तोच, पण च्यूटमध्ये पडणारा माल वेगळा.

यावरचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. विहिरीवरच्या ऑईल इंजिनाला गव्हर्नर असतो. लोड वाढून फेरे कमी झाले की तो डिझेल वाढवतो, फेरे वाढले की कमी करतो. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला असाच गव्हर्नर बसवला. परिणाम बघायचा आणि त्यावरून हात कमी-जास्त करायचा, एवढेच यातले तत्त्व. गव्हाणीवर च्यूटमधला सेन्सर हा डोळा, कंट्रोलर हा मेंदू आणि ड्राइव्ह हा हात.

हे बसवताना क्रम पाळावा लागतो.

पहिले, डोळा खरा हवा. च्यूट रिकामी असताना सेन्सरने ४ मिलिअँपियर आणि भरल्यावर २० दाखवले पाहिजेत. रिकामीला शून्य न ठेवता ४ ठेवण्यात शहाणपण आहे. शून्य आले की वायर तुटली हे लगेच कळते.

दुसरे, दिशा. पातळी वाढली की वेग कमी व्हायला हवा. हे उलटे जोडले गेले तर च्यूट भरत असताना गव्हाण आणखी पळेल.

तिसरे, वेगाला खालची आणि वरची हद्द. फार हळू फिरणाऱ्या मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, त्यामुळे ती तापते. वर फायब्रायझरच्या मोटारीचा ॲम्पियर हा लगाम. तो मर्यादेबाहेर गेला की पातळी काही असो, गव्हाण हळू झालीच पाहिजे.

चौथे, घाई नको. समजा कॅरियर मिनिटाला १० मीटर चालतो आणि च्यूट २० मीटरवर आहे. आज केलेल्या बदलाचा परिणाम दोन मिनिटांनी दिसणार. तोवर धीर न धरता वेग वाढवत गेले की मागून लोंढा येतो. मग एकदम कमी करायचा, की पुन्हा खड्डा. इंजिनाचे मेकॅनिक याला 'हंटिंग' म्हणतात. म्हणून सुधारणेचा जोर आधी थोडा ठेवायचा, हळूहळू वाढवायचा आणि पातळी सारखी झुलू लागली की त्याच्या निम्म्यावर आणायचा.

एवढ्याने पातळी स्थिर होते, पण ७० टक्के हवी असेल तर ६२ वर अडते. उरलेली तूट सावकाश भरून काढणारा दुसरा भाग कंट्रोलरमध्ये असतो. त्याचा एक धोका मात्र आहे. गव्हाणीत ऊसच नसेल तर हा भाग तुटीचा हिशोब साठवत जातो आणि वेग कमाल हद्दीला नेऊन ठेवतो. मग ऊस आला की तो ढिगाने आत जातो. म्हणून गव्हाण रिकामी असताना हा हिशोब थांबवण्याची सोय करून ठेवावी लागते.

तेव्हा रांग असूनही गव्हाण हळू दिसली, तर बहुधा पुढे च्यूट भरलेली असते किंवा फायब्रायझरवर ताण असतो. ऑपरेटरवर ओरडून ऊस लवकर आत जात नाही. ओरड्याला बळी पडून त्याने ऑटो सोडून हाताने पळवले आणि मिल तुंबली, तर रांगेतल्या सगळ्यांचाच खोळंबा.

या यंत्रणेला पातळी कळते. दगड, लोखंड, माती आणि पाचट कळत नाही. ते फडातच थांबवायचे आहे. तोडणी टोळीकडून पाचट व वाढे नीट काढून घ्या, मोळीत पहार-कोयता राहिला नाही ना ते भरतानाच पाहा आणि गाड्या तोडणी कार्यक्रमाप्रमाणे पाठवा. एकदम गर्दी, मग एकदम मोकळं, असे झाले की कितीही चांगला कंट्रोलर अडखळतो. गव्हाणीचा अर्धा वेग कारखान्यात ठरतो, अर्धा आपल्या बांधावर.