“कशावरून?” असे विचारणारा वर्ग

रसायनशास्त्र म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर सूत्रांची यादी उभी राहते. ती पाठ करायची, परीक्षेत उतरवायची आणि विसरून जायची! वास्तविक हा विषय घोकण्याचा नसून पारखण्याचा आहे.

एक साधा प्रयोग घ्या. ताटलीत मेणबत्ती उभी करून पाणी ओततात आणि पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घालतात. ज्योत विझते, पाणी पेल्यात वर चढते. वर्षानुवर्षे ठरलेले उत्तर असे की, हवेतील एक पंचमांश प्राणवायू जळून गेला व त्याची जागा पाण्याने घेतली. मुले तेच लिहितात, गुणही मिळतात.

परंतु शोधक पद्धतीने शिकविणाऱ्या बाई इथे विचारतात, “कशावरून?” मग एखादी मुलगी म्हणते, “बाई, ज्योत जळताना पाणी फारसे चढले नाही. विझल्यावर भराभर चढले.” दुसरा म्हणतो, “जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो जागा व्यापणारच ना?” बाई उत्तर सांगत नाहीत. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहा, एवढेच सुचवितात. पेला तोच, त्यातला प्राणवायू काही वाढलेला नाही. तरी पाणी अधिक चढते! तेव्हा उलगडा होतो. ज्योतीने तापून फुगलेली हवा थंड होऊन आकसते, हेच पाणी चढण्याचे मुख्य कारण.

अशा वर्गात मोठ्या आवाजाला किंमत नसते. आपले म्हणणे काय, पुरावा कोणता आणि त्यावरून ते कसे ठरते, हे सांगावे लागते. पुरावा उलटा निघाला तर मत बदलावे लागते. पहिल्या बाकाला आणि शेवटच्या बाकाला नियम एकच!

गावच्या शाळांतही घडले

हे महागड्या शाळांनाच जमते असे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली ‘किशोर भारती’ व ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी असे विज्ञान शिकविणे सुरू केले. १९७८ मध्ये ते जिल्हाभर गेले. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने धुरा घेतली. मुले स्वतः प्रयोग करीत, आपसांत चर्चा करीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण तयार उत्तरे त्यात नव्हतीच. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

कार्यक्रम बंद पडला, तरी प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. रंग साबणाचा की हळदीचा? आपल्या देखरेखीखाली मुलाला डागावर चुन्याची निवळी टाकू द्या. निवळीला रंग नाही, तरी डाग लाल होईल. लिंबू पिळताच पुन्हा पिवळा. आम्ल आणि आम्लारीचा धडा मोरीपाशीच शिकून होईल.

पालकहो, मुलाने “कशावरून?” विचारले तर उलट बोलतो म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्यासोबत पुरावा शोधायला बसा.