धुण्याचा सोडा आणि तेलविहिरीचा चिखल
तेलविहीर खोदताना पोकळ नळांतून एक चिखल सतत खाली सोडला जातो. तो छिन्नीला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि विहिरीच्या भिंतीवर पातळ लेप धरतो. पंप थांबला की हा चिखल दह्यासारखा धरला पाहिजे, नाहीतर चुरा खाली बसून नळ अडकतात; पंप सुरू होताच तो पुन्हा वाहिला पाहिजे. एवढे सगळे बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या मातीमुळे साधते.

नायजेरियात १९५६ साली ओलोइबिरीला तेल लागले. अशा चिखलासाठी चिकणमाती तिथे मुबलक आहे, पण फुगणारी माती बहुतेक कॅल्शियमयुक्त. कॅल्शियमचा दुहेरी विद्युतभार मातीचे सूक्ष्म पापुद्रे घट्ट धरतो, पाणी आत शिरू देत नाही. सोडियमची पकड सैल असते.

म्हणून माती वाळवून दळतात, चाळतात, थोड्या पाण्यात सोडा ॲश, म्हणजे धुण्याच्याच सोड्याचे कोरडे रूप, घालून मळतात आणि मुरू देतात. कॅल्शियम खडूच्या रूपात सुटते, त्याची जागा सोडियम घेते. सोडा जास्त झाला तर मात्र मातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. प्रमाण नेमके साधणे हेच खरे कसब.

तयार मातीची कसोटी कडक आहे: ३५० मिलिलिटर पाण्यात २२.५ ग्रॅम माती. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर दाटपणा मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरचा आकडा किमान ३०, आणि अर्ध्या तासात दाबाखाली गळणारे पाणी फार तर १५ मिलिलिटर. थोडे कमी पडले, तर सीएमसीसारखे दाटपणा आणणारे पॉलिमर मदतीला येते. मातीत मुळात केओलिन, म्हणजे न फुगणारी माती, हीच जास्त असेल, तर सोड्याचा उपयोग होत नाही.