श्रावण पाळता येतो, मग मोबाईल का सुटत नाही?

उरणच्या आगरी-कोळी घरांत मासळीशिवाय जेवण अपुरं वाटतं. तरी यातली कितीतरी माणसं श्रावणात महिनाभर मासळीला हात लावत नाहीत. पण 'रात्री झोपताना फोन बघायचा नाही' असं ठरवलं, तर तेच दोन दिवसही टिकत नाही. असं का होतं?

श्रावणात घरात मासळी येतच नाही. शेजारीही तेच पाळतात. महिना कधी संपणार हे माहीत असतं. 'आज खाऊ की नको?' हा प्रश्न रोज पडत नाही.

करंजा आणि मोरा बंदरांतही असंच दिसतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा मासळीच्या प्रजननाचा काळ. एकट्या नाखव्याने स्वतःहून थांबायचं म्हटलं तर अवघड, कारण दुसऱ्याची बोट जाणारच. तारीख सगळ्यांना एकच असली की थांबणं जमतं.

मानसशास्त्रात पूर्वी इच्छाशक्तीला बॅटरीसारखं मानलं जायचं. रॉय बाउमायस्टर यांनी १९९८ मध्ये मांडलं की संयम वापरला की तो संपत जातो. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून जास्त लोकांवर हे तपासलं, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला.

वॉल्टर मिशेल यांचा लहान मुलांवरचा प्रयोगही प्रसिद्ध आहे. आत्ता थोडा खाऊ घ्या, किंवा थांबा आणि जास्त आवडता घ्या. १९७० च्या त्यांच्या अभ्यासात खाऊ समोर नसताना मुलं जास्त वेळ थांबली. समोर असताना काहींनी चक्क डोळे झाकून घेतले!

आपण मात्र फोन उशाशी ठेवतो, त्याच्याशी रोज भांडतो आणि हरलो की 'माझ्यात संयमच नाही' म्हणून स्वतःला दोष देतो.

त्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. उठवायला साधं गजराचं घड्याळ आणा. नोटिफिकेशन बंद करा. वेळ ठरवा, आणि ती घरातल्या सगळ्यांनी मिळून पाळा. कायमचं नको, आधी एक महिनाच ठरवा. श्रावणासारखा!